कोयता, पिशवी आणि पुटिका: बीड जिल्ह्यातील एका प्रघाताचा इतिहास

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये पंचविशी-तिशीतच गर्भपिशवी काढून टाकण्याचा जो प्रघात पडला, तो राज्यभर माहीत झाला २०१९ साली. त्या वर्षी पिशव्यांची मोजदाद झाली, समिती बसली, नियम निघाले. मात्र या शस्त्रक्रियेची किंमत शरीर पुढची वीस-पंचवीस वर्षे जिथे फेडत राहते, ती जागा पिशवीच्या दोन्ही अंगांना आहे. तिथे बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात आणि त्यांत हजारो सूक्ष्म पुटिका. एका बीजांडाभोवती पेशींचे वेटोळे, एवढीच एका पुटिकेची सुरुवातीची रचना. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. स्त्रीचे संप्रेरक, तिची पाळी, हाडांचा घट्टपणा आणि तिचे वय होण्याचा वेग यांतले बरेच काही या पुटिकांच्या हाती असते. म्हणून बीडच्या या प्रघाताचा इतिहास पाहताना ऊसतोडीच्या धंद्याबरोबरच अंडाशयाविषयीचे ज्ञान कसकसे वाढत गेले तेही पाहावे लागते. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात घडत होत्या. त्यांची गाठ मात्र फार उशिरा पडली.

बालाघाटाच्या डोंगररांगेने बीड जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी जमीन. डोंगरावर आणि त्याच्या कुशीत पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांचे मुरमाड माळ. सारा मुलूख पर्जन्यछायेतला. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. याच दशकांत पश्चिमेकडे वेगळेच काही उभे राहत होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाहता पाहता नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत धुराडी उभी राहिली. कालव्याचे पाणी होते, कर्ज होते, ऊस होता. ठरावीक महिन्यांत तो तोडून चोवीस तासांच्या आत गाळपाला नेणारे हात मात्र जवळपास नव्हते, किंवा जे होते ते इतक्या कमी दराला तयार नव्हते. ते हात बालाघाटावर सापडले.

१९७२ च्या दुष्काळाने ही वाट कायमची पाडली. खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसे जगली, पण तिथून उठून पुन्हा शेतावर बसावे इतकी शेती अनेकांकडे उरली नव्हती. खरिपाची बाजरी घरात आली की सहा महिने रिकामे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देई, बैलगाडीवर भांडीकुंडी, शेरडू आणि लेकरे चढत आणि गावात म्हातारी माणसे तेवढी मागे राहत. पुढे जायकवाडीचे पाणी गेवराई-माजलगावच्या काही भागाला मिळाले, त्या भागात साखर कारखानेही निघाले. डोंगरपट्ट्यातल्या गावांचा सहा महिन्यांचा परागंदेपणा मात्र तसाच राहिला. आज महाराष्ट्रातल्या ऊसतोड कामगारांची संख्या दहा लाखांच्या वर धरली जाते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा बीडचा आहे. ते कर्नाटकात आणि गुजरातेतही जातात.

या धंद्याचे माप माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे देणेही जोडीच्याच नावावर चढते. नवऱ्याने तोडायचे, बायकोने वाढे छाटून मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, अशी वाटणी सांगितली जाते. प्रत्यक्षात बाईचा कोयताही दिवसभर थांबत नाही. एका आजारपणाने जोडी मोडते आणि अर्ध्या कोयत्याला फडात किंमत नसते. मुलीचे लग्न लवकर उरकण्यामागेही हेच गणित राहिले आहे. सहा महिने तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा एक प्रश्न आणि लग्न झाले की एक नवा कोयता उभा राहतो ही दुसरी बाजू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्क्यांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली आढळली.

फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीसमोर तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या, पाण्याची कळशी भरायची आणि उजाडायच्या आत फड गाठायचा. ऊस बुडाशी तोडायचा असतो, कारण साखर बुडख्यात असते. म्हणून कंबर जमिनीला समांतर वाकलेली. पाचटाची पाने दंडाला, गळ्याला कापत राहतात. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायचे. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. कोपी म्हणजे पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकलेली, वाकून आत शिरावी लागणारी झोपडी. तिथे न्हाणी नसते, संडास नसतो, पाळीच्या दिवसांत कापड धुऊन उन्हात वाळवायला आडोसा नसतो. लघवी तासन्‌तास दाबून धरावी लागते. एक दिवस अंग धरले तर खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही पडतो.

अशा दिनक्रमातून जे आजार येतात त्यांत गूढ असे काही नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात कळा, लघवीला जळजळ, पाळीत फार रक्त जाणे, कंबर धरणे. बाळंतपणानंतर महिन्या-दीड महिन्यात मोळी उचलणाऱ्या बाईचे अंग बाहेर येते. यांतले बहुतेक आजार जंतुसंसर्गाचे, रक्तक्षयाचे आणि विश्रांती न मिळाल्याचे. योग्य प्रतिजैविके, लोहाच्या गोळ्या, काही महिन्यांचे संप्रेरक उपचार आणि स्वच्छ पाणी यांनी ते आटोक्यात येतात. पण उपचार म्हणजे पुन्हा पुन्हा दवाखान्याच्या खेपा, आणि प्रत्येक खेप म्हणजे खाडा. शस्त्रक्रिया एकदाच होते. पंचविशीच्या आत दोन-तीन लेकरे झालेली, नसबंदीही झालेली बाई हंगाम संपवून गावी येते, तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, असे ऐकून घरी परतते. अनेक स्त्रियांनी वार्ताहरांना आणि चौकशीला आलेल्यांना हेच सांगितले. लेकरे झाली, आता पिशवीचे काम संपले, हा समज डॉक्टरकडून आला की गावातून, याचा निवाडा करण्यात फारसा अर्थ नाही. तो दोन्हीकडे रुजला होता. पाळीच बंद झाली तर खाडाही नको आणि कापडही नको, हा हिशेब मुकादमाला, नवऱ्याला आणि थकलेल्या बाईलाही पटण्यासारखा होता. शस्त्रक्रियेचे पैसे पुष्कळदा पुढच्या हंगामाच्या उचलीतून दिले गेले. म्हणजे ज्या कामाने दुखणे आणले, त्याच कामाला आणखी एक वर्ष बांधून घेऊन ते दुखणे काढायचे.

पिशवीचे काम संपले हे वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीने अर्धेच खरे आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने स्त्रीच्या आर्तवाचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला. हा अंदाज आजच्या मोजमापाच्या बराच जवळ आहे. पण हा काळ कोण ठरवते, हे कळायला फार वेळ लागला. १६७२ मध्ये डेल्फ्टच्या रेनियर द ग्राफ याने अंडाशयावरचे पाण्याने भरलेले फुगवटे वर्णन केले. त्याच्या नावावरून पक्व पुटिकेला आजही ग्राफियन फॉलिकल म्हणतात. त्याला तो फुगवटाच बीजांड वाटला होता. खरे बीजांड त्याच्या आत, मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढे असते, हे कार्ल अर्न्स्ट फोन बेअर याने १८२७ मध्ये कुत्रीच्या पुटिकेत पाहिले.

यानंतर वैद्यकाच्या इतिहासात एक काळा अध्याय येतो आणि बीडच्या संदर्भात तो आठवलाच पाहिजे. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या त्रासावर उपाय म्हणून अंडाशये काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. ती युरोप-अमेरिकेत पसरली आणि शेकडो तरुण स्त्रियांची धडधाकट अंडाशये काढली गेली. त्या बायका अकाली म्हाताऱ्या होऊ लागल्या तेव्हा कुठे शंका यायला लागली. १८९६ मध्ये व्हिएन्नात एमिल क्नाउअर याने प्राण्यांची अंडाशये काढून शरीरात दुसरीकडे रोवून दाखवली. त्यांची गर्भाशये सुकली नाहीत. म्हणजे अंडाशय रक्तात काहीतरी सोडते. ते काय, हे १९२३ मध्ये एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या पुटिकांतले पाणी काढून शोधले. ते इस्ट्रोजेन होते, आणि त्याची कोठी पुटिका होती. एवढे कळेपर्यंत पन्नास वर्षे गेली होती.

पुटिका नव्याने तयार होतात का, हा दुसरा प्रश्न. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर याने १८७० मध्येच त्याचे उत्तर नाही असे दिले होते. १९५१ मध्ये सॉली झुकरमन याने साऱ्या पुराव्याची छाननी करून त्यावर शिक्का मारला. १९६३ मध्ये टी. जी. बेकर याने गर्भातील आणि नवजात मुलींच्या अंडाशयांचे काप मोजून संख्या काढली. आईच्या पोटात पाचव्या महिन्यात जवळपास सत्तर लाख बीजपेशी, जन्मताना वीस लाखांच्या आसपास. वयात येताना तीन-चार लाख उरतात. त्यांतून आयुष्यभरात चारशे-पाचशे बीजे बाहेर पडतात. बाकी सगळी जागच्या जागी विरून जातात. शेवटी हजारभर राहिल्या की पाळी थांबते. २००४ मध्ये उंदरांच्या अंडाशयात बीजपेशी नव्याने बनवणाऱ्या मूळपेशी असल्याचा दावा झाला आणि मोठा वाद माजला, पण माणसात तसे घडत असल्याचे सर्वमान्य झालेले नाही. २०१० मध्ये स्कॉटलंडमधील संशोधकांनी आधीच्या सगळ्या मोजण्या एकत्र करून एक आलेख बांधला. त्यानुसार तिशीत मूळ साठ्याचे सरासरी बारा टक्के उरतात, चाळिशीत तीन टक्के. बारा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण तिशीतल्या बाईची पुढची वीस वर्षे त्यांवरच चालतात.

या साठ्यातली प्रत्येक पुटिका आधी झोपलेली असते. मिलिमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढी. मध्ये बीजांड, भोवती चपट्या पेशींचा एक थर. आतल्या बीजांडाने पेशीविभाजन आईच्या पोटात असतानाच सुरू केलेले असते आणि ते अर्ध्यावर थांबवून ठेवलेले असते. तीस वर्षांच्या स्त्रीची ती पेशी तीस वर्षांहून जास्त काळ एकाच पायरीवर थांबलेली असते. झोप कोण मोडते, याचा उलगडा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून झाला. २००३ मध्ये दिसले की फॉक्सो-३ हे प्रथिन काढून टाकले तर सगळ्या पुटिका एकाच वेळी जाग्या होतात आणि साठा तारुण्यातच संपतो. २००८ मध्ये पीटेन या प्रथिनाचेही तसेच आढळले. म्हणजे पुटिकेला जागे करण्यासाठी जेवढी यंत्रणा लागते, तेवढीच तिला झोपवून ठेवण्यासाठीही लागते. पुढची वाढ बीजांड आणि भोवतालच्या पेशी यांच्या आपसातल्या निरोपांवर होते. बीजांड जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिने सोडते. १९९६ मध्ये जीडीएफ-९ नसलेल्या उंदरिणींत पुटिका पहिल्याच टप्प्यावर अडकलेल्या दिसल्या. वाढत्या पुटिकांच्या पेशी उलट एएमएच हे संप्रेरक सोडतात आणि ते झोपलेल्या पुटिकांना थोपवून धरते. रक्तातल्या या एएमएचवरून अंडाशयातला साठा अजमावता येतो; आज वंध्यत्वाच्या दवाखान्यांत ही तपासणी रोजची झाली आहे.

चपट्या पेशी घनाकार होतात, त्यांचे थर वाढतात, बाहेरून थीका नावाचे आवरण येते, आत पाणी साठते. इथपर्यंत यायला कित्येक महिने लागतात. यानंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा अंमल सुरू होतो. तिच्या एलएच या संप्रेरकाने थीकाच्या पेशी पुरुषी संप्रेरक बनवतात, तिच्याच एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या हुकमाने आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी त्याचे इस्ट्रोजेन करतात. एकट्या थराला ते जमत नाही. फिनलंडमध्ये १९९५ साली एफएसएच ओळखणारा ग्राहकच सदोष असलेल्या स्त्रिया सापडल्या. त्यांच्या अंडाशयात छोट्या पुटिका होत्या, पण मोठी एकही होत नव्हती आणि पाळी येत नव्हती. निरोगी बाईत दर महिन्याला काही पुटिका या शर्यतीत उतरतात. जी पुढे जाते ती इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही संप्रेरके सोडून एफएसएच उतरवते आणि बाकीच्या उपासमारीने मरतात. विजयी पुटिका वीस मिलिमीटरच्या आसपास फुगते, एलएचची लाट येते, वर्षानुवर्षे अडवून धरलेले विभाजन पुढे सरकते आणि दीड दिवसाच्या सुमाराला ती फुटते. फुटलेल्या जागी पिवळा गोळा तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन देतो.

महाराष्ट्रात या विषयाचे काम मुंबईत परळला झाले. तिथल्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मिळून पक्व पुटिकेतून बीजांड काढून शरीराबाहेर गर्भधारणा घडवली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये त्यातून जन्मलेली मुलगी ही भारतातील शास्त्रीय नोंदीने सिद्ध झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे १९७८ चे असेच यश तेव्हा दुर्लक्षिले गेले होते आणि पुढे आनंद कुमार यांनीच त्यांना न्याय मिळवून दिला. त्याच संस्थेत डॉ. तरला नांदेडकर यांनी पुटिकेतल्या पाण्यात सापडणाऱ्या आणि एफएसएचला ग्राहकाशी जोडू न देणाऱ्या पेप्टाइडवर अनेक वर्षे काम केले. हिंदुजा यांनी पुढे अकाली अंडाशय थकलेल्या स्त्रियांसाठी बीजदानाचे तंत्रही आणले. पुटिका किती मोलाची हे या राज्यातल्या वैद्यकाला ठाऊक नव्हते, असे म्हणताच येत नाही. खुद्द बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७० च्या दशकापासून सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञान होते. ते कोपीपर्यंत पोचले नाही, कारण तालुक्याच्या बाजारपेठेत ज्ञानाच्या आधी सोनोग्राफीचे यंत्र पोचले.

सोनोग्राफीच्या पडद्यावर पाणी काळे दिसते. पाळीच्या बाराव्या-तेराव्या दिवशी कोणत्याही धडधाकट तरुण बाईच्या अंडाशयात दोन सेंटीमीटरचा एक काळा गोल दिसतो. ती त्या महिन्याची जिंकलेली पुटिका. आठवड्याने तपासले तर तिथे पिवळा गोळा दिसतो, कधी त्यात रक्त साठलेले असते. काही वेळा पुटिका फुटत नाही, चार-पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. पाळी चालू असलेल्या स्त्रीतील पाच सेंटीमीटरच्या आतल्या साध्या पाण्याच्या गाठीला उपचाराची तर सोडाच, पुन्हा तपासण्याचीही सहसा गरज नसते, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाचे मार्गदर्शन आहे. पण त्या काळ्या गोलाचा छापील फोटो हातात देऊन त्याला गाठ म्हटले, तर अक्षरओळख नसलेल्या बाईकडे त्यावर बोलायला काय असते? निसर्गाने दर महिन्याला घडवायची गोष्ट तिच्या हातात आजाराचा पुरावा म्हणून येते. या साऱ्या प्रकरणात याहून क्लेशकारक असे दुसरे काही नाही.

शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली, तर साठा त्या दिवशी शून्य होतो. नैसर्गिक पाळी जाताना शरीर काही वर्षे घेते. इथे इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, झोप उडणे, चिडचिड, हे लगेच जाणवते. हाडांचे नुकसान दिसत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन लगाम घालते. तो सुटला की पहिल्या काही वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने अंडाशये काढलेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये गमावलेल्या व इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. अंडाशये ठेवून फक्त पिशवी काढली तरी प्रश्न मिटत नाही. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते: एक थेट महाधमनीतून येणारी रक्तवाहिनी आणि दुसरी गर्भाशयाच्या धमनीची फांदी. पिशवी काढताना ही दुसरी वाट बांधावी लागते. न्यूझीलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंडाशये ठेवून पिशवी काढलेल्या स्त्रियांची अंडाशये सरासरी ३.७ वर्षे आधी थकली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४.८ टक्के आणि न झालेल्यांपैकी ८ टक्के स्त्रियांची अंडाशये चार वर्षांत निकामी झाली. भारतीय स्त्रियांची पाळी मुळातच पाश्चात्त्य स्त्रियांहून लवकर, सरासरी शेहेचाळिशीच्या सुमाराला जाते, ही गोष्टही यात धरायला हवी. आणि त्या अभ्यासांतल्या बायका शस्त्रक्रियेनंतर मोळ्या वाहत नव्हत्या. बीडच्या बायका पिशवी काढल्यावरही त्याच फडात, त्याच फळीवर परतल्या. गुडघे, कंबर, मान धरल्याची, हातापायांना सूज येत असल्याची त्यांची गाऱ्हाणी त्यानंतरची आहेत.

२०१९ च्या एप्रिलमध्ये बीड तालुक्यातील वंजारवाडीसारख्या गावांतून पिशवी नसलेल्या तरुण बायकांच्या बातम्या इंग्रजी वृत्तपत्रात आल्या आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस दिली. जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण देशात ३.२ आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा आदेश बीडमध्ये निघाला. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, अशी शिफारस समितीने केली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि गाळपाच्या उसावर टनामागे दहा रुपये त्याच्यासाठी घेण्याचे ठरले.

बीड एकटे नाही. राजस्थानात दौसा, बिहारमध्ये समस्तीपूर, शिवाय छत्तीसगड आणि जुना आंध्र, इथेही गरीब स्त्रियांच्या अशाच शस्त्रक्रिया उघड झाल्या होत्या. त्यांतल्या काही ठिकाणी सरकारी विम्याच्या पैशांचा हात होता, बीडमध्ये उचलीचा होता. राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्यांनुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या हव्यात आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रियांच्या शस्त्रक्रियांकडे विशेष लक्ष हवे.

हे सगळे नियम पुढच्या शस्त्रक्रियांसाठी आहेत. आधी झालेल्या हजारो शस्त्रक्रियांबाबत वैद्यकाकडे जे आहे ते साधे आहे. अंडाशये काढली की ठेवली हे त्या बाईच्या डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते. कागद हरवला असेल तर सोनोग्राफीने आणि रक्तातल्या एफएसएचवरून ते कळते. पंचेचाळिशीच्या आत ज्यांचे इस्ट्रोजेन संपले त्यांना, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते गोळीने किंवा मलमाने द्यावे, हा जगभर मान्य झालेला उपचार आहे. पिशवी असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते, नाहीतर पिशवीच्या अस्तराला धोका असतो. पिशवीच नसलेल्या बाईला ती जोड लागत नाही. एकटे इस्ट्रोजेन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी एवढे पुरते, आणि हंगामापूर्वीच्या आरोग्य तपासणीतच ते सुरू करता येण्यासारखे आहे.